बोटुकल्यांची पंगत

कऱ्हाडच्या स्टँडवर कंडक्टरने माझ्या पोत्याला हात लावून विचारलं, "आजी, यात काय?"

"पेंड."

"मग म्हैस कुठाय?"

"म्हैस नाही. रत्नागिरीला मासे आहेत, त्यांना."

अर्धी एसटी हसली. मीही हसले, कारण आठ दिवसांपूर्वी मला कुणी हे सांगितलं असतं तर मीसुद्धा हेच केलं असतं. पण शेंगदाण्याच्या पेंडीचं ते पोतं मी पायाशी धरून घाट उतरले, आणि उतरताना एकदाही त्याच्यावर पाय ठेवला नाही. अन्न ते अन्न.

मी तीस वर्षं मुलींच्या एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळलं. माझ्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठलं नाही, याचा मला भारी अभिमान. पुढे जे घडलं ते याच अभिमानापायी घडलं, हे आधीच कबूल करून टाकते.

नलू माझी डी.एड.ची मैत्रीण. लग्न करून पावसला गेली, तिथल्याच शाळेत शिकवून निवृत्त झाली. श्रावणात तिचा फोन आला. "शालन, सुगंधाचं जिरं मोठं व्हायला लागलंय. इकडे पेंड मिळते ती जुनी, बुरशी धरलेली. तू येताना घाण्यावरची ताजी घेऊन ये." मी विचारलं, "जिऱ्याला पेंड खत म्हणून घालतात का गं? आणि तुमच्या पावसात जिरं येतं कसं?" नलू इतकी हसली की तिला ठसका लागला. मग कळलं, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या माशाच्या पिल्लांना या धंद्यात जिरे म्हणतात. मत्स्यजिरे. बोटाएवढी झाली की बोटुकली. ज्याने ही नावं ठेवली तो माणूस नक्की स्वयंपाकघरात वावरलेला असणार.

पावस

नलूच्या घरी पोचले तेव्हा पागोळ्या गळत होत्या आणि चुलीवर कुळथाचं पिठलं रटरटत होतं. सोबत टाकळ्याची भाजी, भात आणि सोलकढी. आमच्याकडे पिठलं म्हटलं की भाकरी हवीच. इथे पिठलं भाताच्या आळ्यात ओततात आणि पहिला घास घेतल्यावर कुणी बोलत नाही. श्रावण असल्यामुळे मासा ताटात नव्हता. नलूचे यजमान भाऊ यांना त्याचं दुःख होतं, ते त्यांनी लपवलं नाही.

भाऊंची आंब्याची बाग आहे. बागेच्या वर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या त्या सपाट माळावर, त्यांची जुनी चिरेखाण आहे. चिरे काढून झाले, खाण तशीच राहिली, पावसाने भरली. त्या पाण्यात गावातली सुगंधा गोड्या पाण्यातली मत्स्यपिल्लं वाढवते. मोठी करून विकत नाही. बोटाएवढी करायची आणि तळीवाल्यांना द्यायची. माशांची बालवाडीच म्हणा.

"शालनताई, माझं काही वाकडं नाही तिच्याशी," भाऊ म्हणाले. "पण गेल्या साली सगळी मेली. एकूण एक. ह्या साली जगली तर खाण तिची. नाही जगली तर गणपतीनंतर माती भरून घेतो आणि कलमं लावतो. डंपरवाल्याला सांगून ठेवलंय."

"ते ऐकून ऐकून तिची झोप उडालीय," नलू म्हणाली.

"मग काय, माशांकडे बघत बसू? हापूस लावला तर नातवंडं नाव तरी काढतील."

मी भाताच्या आळ्यात आणखी पिठलं घेतलं. दुसऱ्याच्या घरच्या भांडणात पाहुण्याने तेवढंच करावं.

सडा

सकाळी पाऊस उघडला होता. वर जायला पायवाट आहे, आणि ती संपते तिथे एकदम आभाळ सुरू होतं. उन्हाळ्यात हा सडा म्हणजे तापलेला तवा. आत्ता मात्र दगडाच्या प्रत्येक खळग्यात पाणी होतं, आणि पाण्याकाठी दोन बोटं उंचीची, निळी-जांभळी, नखाएवढी फुलं. पाय कुठे टाकावा ते कळेना. मी चपला काढून हातात घेतल्या.

आणि मग खाण. तांबड्या दगडात सरळ खाली कापलेल्या भिंती, त्यांच्यावर चिरे कापल्याच्या आडव्या रेघा, आणि तळाशी हिरवट पाणी. एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला गुडघ्यापासून कमरेएवढं. उथळ भागाला जाळी लावून तो वेगळा केलेला. तिथे कमरेला पदर खोचून सुगंधा उभी होती. चाळिशीची, काटक. माहेर-सासर दोन्ही समुद्रावरचं. नवरा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बोटीवर जातो.

"ही पेंड?" तिने पोत्यात हात घातला, मूठभर नाकाशी नेली, डोळे मिटले. "ताजी हाय. वास बगा कसा गोड येतो. आता माजी पोरं जेवतील."

मला तिथेच ती आवडली. अन्नाचा वास असा डोळे मिटून घेणारी माणसं आता कमी उरली आहेत.

तिने मला काचेचा ग्लास दिला. तळ्यातलं पाणी भरून उजेडासमोर धरायला लावला. मला आधी काही दिसेना. मग दिसलं. पाण्यात ठिपके होते आणि ते उड्या मारत होते. मोहरीपेक्षा बारीक, जिवंत, शेकडो.

"ह्ये त्यांचं पयलं जेवण," सुगंधा म्हणाली. "जिरं अंड्यातनं निघतं तवा त्येचं तोंडच उघडलेलं नसतं. पोटाला एक पिशवी आसते, तीन दिवस त्याच्यावर जगतं. शिदोरी म्हना. ती संपली की तोंड उघडतं, आनि तोंड उघडेल तवा समोर ह्ये किडं पायजेत. म्हनून जिरं आनायच्या आधीच पान्यात शेण घालून मी ह्ये पिकवून ठेवते. जेवण आधी, पाव्हनं मागनं."

मी ग्लास धरून किती वेळ उभी राहिले, ठाऊक नाही. तांदळाच्या कणीएवढा जीव, त्याला तोंड नाही, पण तोंड फुटेपर्यंतची शिदोरी बांधून दिलेली! मी आयुष्यभर डबे भरले, पण असा डबा भरणारं कोण आहे, हा विचार येऊन माझ्या अंगावर काटा आला. सांगायला लाज वाटत नाही, मी त्या पाण्याला हात जोडले.

मग तिने स्वतःचा भटारखाना दाखवला. पत्र्याच्या शेडमध्ये तीन डबे. पेंडीचं पीठ, भाताचा कोंडा, आणि सुकवलेल्या जवळ्याची, म्हणजे त्या बारीक कोळंबीची पूड. जिरं असताना नुसतं पेंडीचं वस्त्रगाळ पीठ आणि जवळा. पिल्लू वाढेल तसा कोंडा वाढवायचा.

"ल्हान हाय तवर त्येला अंग बांधायचं आसतं," ती म्हणाली. "प्रशिक्षणात सांगितलं, अगदी ल्हानपनी शंभरात चाळीस भाग तरी प्रथिनं पायजेत. बोटाएवडं झालं की कमी चालतात. मोठ्या माशाला तेवडी दिली तर नुस्ती नासाडी."

हे मला लगेच पटलं. वसतिगृहात पाचवीच्या मुलींना मी अंडं द्यायचे तेव्हा दहावीच्या मुली कुरकुरायच्या. मला प्रथिनांचं गणित येत नव्हतं, पण पाचवीच्या मुली चार महिन्यांत झग्याच्या बाहेर जातात, हे दिसत होतं.

तिने एक वाटी चारा पाण्यावर पसरला. क्षणभर काही नाही, आणि मग सगळं पाणी थरथरलं. अर्ध्या बोटाएवढे रुपेरी जीव. वरच्या वर खातो तो कटला, मध्ये रोहू, आणि तळाशी पडलेलं वेचतो तो मृगळ. एकाच तळ्यात तीन मजली पंगत, आणि कुणी कुणाच्या पानात हात घालत नाही. आमच्या मुलींना हे तीस वर्षांत जमलं नाही.

मिरकरवाडा

दुसऱ्या दिवशी जवळा आणायला सुगंधाबरोबर मिरकरवाड्याला गेले. मासेमारीची पावसाळी बंदी उठून थोडेच दिवस झाले होते, बोटी परतत होत्या. बर्फाचा चुरा, डिझेलचा वास, टोपल्यांवर टोपल्या, आणि लिलावाची ती बोली, जी मला एक अक्षर कळली नाही. दोन सेकंदांत सुरमईची रास एकाची होते आणि पुढची सुरू. कुणी ओरडत नाही असं नाही. सगळेच ओरडतात, फक्त प्रत्येकाला आपलं तेवढं ऐकू येतं.

सुक्या मासळीच्या दुकानात सुगंधाची सासू बसली होती. आमच्यासाठी जवळा काढता काढता म्हणाली, "बगा ताई, आमच्या सुनेची तऱ्हा. दर्यात एवडी मासळी, आनि ही खड्ड्यात मासं पोसते. ते बी गोड्या पान्यातलं, ना चव ना ढव. आनि पोसते कशावर? तर दर्यातल्या जवळ्यावर!"

"मग काय झालं आत्ये," सुगंधा म्हणाली, "दर्याला काय कमी हाय?"

म्हातारी हसली, पण जवळा तोलून झाल्यावर तिने पिशवीत आणखी ओंजळभर टाकला आणि मला हळूच म्हणाली, "गेल्या साली मेली तवा चार दिस जेवली नाय ती. ह्या साली जगूदेत."

परतताना मी वाकून सुगंधाच्या पिशवीकडे बघत होते. समुद्रातली ती चिमुकली कोळंबी डोंगरावरच्या खड्ड्यात जाणार, आणि तिथल्या रोहूचं अंग होणार. आम्ही घाटावरची माणसं समुद्र बघायला येतो आणि किनाऱ्यावर फोटो काढून परत जातो. समुद्र कुठवर पोचतो, ते मला त्या पिशवीत दिसलं.

एक वाटी

पुढच्या दिवशी सुगंधाच्या नवऱ्याचा हात जाळ्याच्या दोरीने कापला. फार नव्हतं, पण तिला जावं लागलं. जाताना तिने मला एक वाटी दाखवली. "ताई, सकाळी एक, सांजेला एक. काठोकाठ नको. येवडंच बगा."

मी म्हटलं, "अगं, मी चारशे मुली जेवू घातल्यात. तू जा."

सकाळची वाटी घातली. संपली. मी काठावर बसले तर ती पिल्लं तिथेच घुटमळत होती. एक वर आलं, तोंड उघडलं, मिटलं. दुसरं आलं. आता तुम्हीच सांगा, ताटावरून उठलेलं मूल पुन्हा ताटाकडे बघतं तेव्हा आपण काय करतो? मी आणखी एक वाटी घातली. मग एक "देवाच्या नावाची" घातली. संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. म्हटलं, गारव्यात भूक जास्त लागते. चार वाट्या. शेवटी शेवटी ती नीट खाईनात, तरी मी घालत राहिले. आग्रह केल्याशिवाय वाढणं म्हणजे टाकणं, असं माझी आई म्हणायची. रात्री मी नलूला सांगितलं, "पोरं तृप्त झाली." आणि घोरत झोपले.

पहाटे मळभ होतं, वारा पडलेला. सुगंधा यायच्या आधी एकदा बघावं म्हणून मी सड्यावर गेले, आणि मला आनंदाने भरून आलं. सगळं तळं वर आलं होतं. हजारो इवलीशी तोंडं पाण्यावर उघडमीट करत होती. माझीच वाट बघत होती! मी म्हटलं, "आले गं बायांनो, आले," आणि शेडमधून वाटी भरून आणली.

"ताई! टाकू नका!"

सुगंधा पायवाटेवरून धावत येत होती. पिशवी तिने वाटेतच फेकली होती. माझ्या हातातली वाटी तिने हिसकून घेतली.

"अगं, भूक लागलीय त्यांना. तोंडं बघ कशी..."

"भूक नाय ती! श्वास लागलाय त्यांना. पान्यात हवा नाय ऱ्हायली." तिने वाकून हात तळाला घातला आणि वर काढला. मुठीत काळा, आंबूस, बुळबुळीत चिखल होता. "किती घातलंत?"

मी सांगितलं. सात वाट्या. तिने मुठीतला चिखल काठावर झटकला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आवाज ऐकून भाऊ आणि नलू वर आले. भाऊंनी तळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "झालं! मी म्हटलंच होतं. हिला जमायचं नाही."

"भाऊ," मी म्हटलं, "तिचा काही दोष नाही. तिने दोन वेळची एकेक वाटी सांगितली होती. मी सात घातल्या. मेली तर माझ्या हाताने मेली. खाण बुजवायची तर आधी मला तिच्यात घाला."

भाऊंनी बाह्या वर सारल्या. मग सुगंधाला म्हणाले, "बोल, काय करायचं?"

"पानी उंचावरनं पाडायचं. वरनं पडताना हवा घेऊन पडतं. खोलातलं उपसायचं नि ह्यात ओतायचं."

वीज रात्रीच गेली होती, पंपाचा उपयोग नव्हता. सुगंधा खोल भागाच्या पायरीवर उतरली आणि घागरी भरून वर देऊ लागली. मी आणि नलू त्या डोक्यावर धरून ओतू लागलो. भाऊ खाली बागेत गेले आणि कलमांना पाणी घालायच्या दोन झाऱ्या घेऊन आले. सत्तरीचा तो माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून, झारी उंच धरून माशांवर पाऊस पाडत होता. एक रिती झाली की दुसरी. पुढे ते आंब्याच्या फांद्या तोडून आणून पाणी झोडायला लागले. माझे खांदे भरून आले, आणि मी मनात एकच म्हणत होते, मरू नका गं, मरू नका. दोन-चार डझन पिल्लं पोट वर करून माझ्या पायांशी आली. त्यांची पोटं टम्म होती. ते दृश्य मी विसरणार नाही.

आठच्या सुमाराला मळभ फाटलं आणि ऊन पाण्यावर पडलं. "ऊन आलं की पानीच हवा करतं," सुगंधा पुटपुटली. मी घागर ओतली आणि पाहिलं, तर माझ्यापुढची तोंडं कमी झाली होती. मग आणखी कमी. एक एक जीव खाली बुडत होता, जणू कुणी दिवे मालवावेत तसा. अर्ध्या तासाने पाणी कोरं झालं.

सुगंधा पायरीवरच मटकन बसली आणि रडली. भाऊ झारीतलं उरलेलं पाणी ओतत तिथेच उभे राहिले.

उपास

त्या दिवशी सुगंधाने नळीने तळाचा काळा गाळ ओढून काढला. मी बादल्या वाहिल्या. ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. संध्याकाळी मी विचारलं, "उद्या किती घालायचं?"

"काय नाय. उद्या बी नाय, परवा बी नाय." मग म्हणाली, "ताई, पोटभर जेवली म्हनून नाय मरत ती. त्यांनी खाल्लं नाय ते पान्यात कुजलं. आनि कुजताना तेच त्यांचा श्वास खातं. मी बी गेल्या साली हेच केलेलं. वाटलं, आपली पोरं उपाशी ऱ्हातील. माया पडली जास्त."

म्हणजे गेल्या सालचं मरण असं आलं होतं. तिने हे भाऊंना कधी सांगितलं नव्हतं, मला सांगितलं.

दोन दिवस मी रोज चाऱ्याच्या वेळेला तिथे गेले. पिल्लं बरोबर त्या कोपऱ्यात यायची आणि माझ्या रिकाम्या हातांखाली घिरट्या घालायची. माझ्या आयुष्यात मी इतकं अवघड काम केलेलं नाही. तीस वर्षं मला वाढता येत होतं. थांबता येत नव्हतं. भाऊही यायचे. "बागेत जाता जाता" असं म्हणायचे, पण बाग खाली आणि खाण वर.

तिसऱ्या सकाळी सुगंधाने जाळं टाकून मूठभर पिल्लं बघितली. अंग स्वच्छ, कल्ले लाल. एक तिने तळहातावर ठेवलं आणि मला माझं बोट शेजारी धरायला सांगितलं. करंगळीच्या दोन पेरांएवढं होतं, आणि माझ्या कातडीवर त्याची शेपटी फडफडत होती. गेल्या साली एकही इतकं वाढलं नव्हतं, असं ती म्हणाली.

मग तिने वाटीत चारा घेतला, अर्धीच वाटी, आणि ती माझ्याकडे दिली.

"मी?" मी म्हटलं.

"तुमीच. म्हंजे हात शिकंल."

मी चारा पसरला. पाणी थरथरलं, उसळलं, मिटक्या मारल्यासारखा आवाज झाला आणि मिनिटभरात सगळं साफ. पिल्लं तिथेच घुटमळत राहिली. एक वर आलं, तोंड उघडलं, मिटलं. मी वाटी पालथी करून मांडीखाली घेतली.

भाऊ काठावर ओणवे होऊन बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी याआधी न पाहिलेलं काहीतरी होतं.

"अगो सुगंधा," ते म्हणाले, "बघ कशी बघतायत बिचारी. घाल की गो अजून एक मूठ."

"नाय!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

भाऊ दचकून मागे झाले. मग खिशातून फोन काढला, डंपरवाल्याला लावला आणि त्याला म्हणाले, "नको रे येऊस. पोरं जेवतायत इथे."